बिअर ताजी असो वा बाटलीतली, मुतखड्याचे औषध नव्हे

उन्हाळा लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात. कमरेतून जांघेकडे उतरणारी कळ घेऊन आलेला माणूस सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडताच हमखास विचारतो, 'डॉक्टर, बिअर घेतली तर खडा पडेल ना?' अलीकडे या प्रश्नाला पुण्याची जोड मिळाली आहे. तिकडे नोकरीला असलेली मुले गावी आली की सांगतात, 'बाटलीतली नको, छोट्या ब्रुअरीतली ताजी घ्या. त्यात केमिकल नसते.' तेव्हा ही ताजी बिअर म्हणजे काय, ते आधी पाहू.

बार्ली भिजवून तिला मोड आणतात, वाळवून भरडतात आणि गरम पाण्यात मुरवून गोड रस काढतात. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळतात. रस निवला की यीस्ट घालतात. हे सूक्ष्मजीव साखर खातात आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. साधारण 15 ते 24 अंश तापमानात लवकर आंबते ती 'एल', थंडाव्यात सावकाश आंबते ती 'लागर'. एल हा जुना प्रकार. मोठ्या कंपन्यांच्या एकसारख्या बिअरपुढे ही गावोगावची एल मागे पडू लागली, तेव्हा ब्रिटनमध्ये 1971 मध्ये ती वाचवण्यासाठी ग्राहकांचीच चळवळ उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून आलेले आहे. पुढे पुण्या-मुंबईत अशा अनेक जागा निघाल्या.

या बिअरची चव निराळी असते आणि ती करणाऱ्यांचे कसबही खरे असते. बऱ्याचदा ती गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यात यीस्ट उरते. यीस्टमध्ये ब गटातील जीवनसत्त्वे असतात, हेही खरे. पण त्याच यीस्टमध्ये प्युरीन असते आणि शरीरात त्याचे युरिक ॲसिड होते. युरिक ॲसिड वाढले की सांधे सुजतात आणि काहींना त्याचेच खडे होतात. म्हणजे ज्याला औषध समजून प्यायचे, तेच काही रुग्णांत दुखण्याला खतपाणी घालते.

आता 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' या समजाचा हिशेब मांडू. 5 टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरचा अर्ध्या लिटरचा मग घेतला, तर पोटात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल जाते. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्येही जवळपास तेवढेच असते. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली म्हणजे असे दोन मोठे पेग. ते ताज्या पिंपातून आले की कारखान्यातून, हे यकृताला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. 2023 मध्ये या संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

मग 'माझा खडा बिअरनेच पडला' असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? नाही. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. त्या दिवसांत जे घेतले असेल, त्याला श्रेय मिळते. बिअरने लघवी जास्त होते, कारण लघवी आवरून धरणारे मेंदूतले संप्रेरक अल्कोहोलमुळे दबते. पण त्यामुळे शरीरातले पाणी कमी होते. चाळीस अंशांच्या उन्हात शेतावर राबून आलेल्या माणसाचे अंग आधीच कोरडे पडलेले असते. शिवाय नळी खड्याने तुंबलेली असताना लघवीचा जोर वाढवून खडा ढकलला जात नाही. वर वेदनाशामक गोळी घेतलेली असेल, तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

काही परदेशी पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांना मुतखडे कमी झाल्याचे आढळले आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण खडे होऊ नयेत म्हणून लागते ती भरपूर लघवी, आणि ती साध्या पाण्यानेही होते. इटलीतल्या संशोधकांनी 1996 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा खडा झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी पाणी वाढवायला सांगितले. पाच वर्षांत त्यांच्यातील 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. ज्यांना काही सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 27 टक्के होते. औषध कोणते? पाणी!

आंबवलेलेच प्यायचे असेल, तर आपल्या ज्वारीच्या मुलखात आंबील आहेच. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी शिजवायचे. इथेही सूक्ष्मजीवच काम करतात, पण ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करतात. नशा चढण्याइतके अल्कोहोल त्यात होत नाही. मीठ मात्र बेताने घालावे, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. लिंबूपाणीही चांगले. त्यातले सायट्रेट कॅल्शियमचे खडे बनायला अडथळा करते.

दिवसाला किमान दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हात काम करणाऱ्यांना त्यासाठी तीन-चार लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. लघवीचा रंग पाण्यासारखा फिका राहिला की समजावे, प्रमाण बरोबर आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

कळ येत असताना थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर घरी थांबू नये. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांत जिवावर बेतू शकते. अशा वेळी बाटली आणायला माणूस धाडण्याऐवजी रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे.