खेळातला खटला आणि खरं कोर्ट



मालिकेत कोर्टाचा प्रसंग लागला की निवडायची भाजी तशीच राहते, हो ना? मराठीत असा सगळ्यात गाजलेला खटला मात्र रंगभूमीवर उभा राहिला. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ संस्थेने १९६७ साली केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. त्यातली लीला बेणारे ही शिक्षिका उभी केली सुलभा देशपांडे यांनी. तेव्हा त्या जेमतेम तिशीच्या होत्या आणि स्वतःही छबिलदास शाळेत शिकवायच्या. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी यावर चित्रपट काढला, त्यातही बेणारे त्याच.

गोष्ट अशी. एक हौशी नाटक मंडळी गावात प्रयोगाला येते. वेळ घालवायला खोटा खटला खेळू म्हणतात. आरोपी कोण? बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा. आधी सगळं हसण्यावारी चालतं. हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी साक्षीत निघतात. ती अविवाहित आहे आणि तिला दिवस गेलेत. ज्या प्राध्यापक दामल्यांचा यात वाटा, ते तिथे नसतातच. त्यांच्यावर खटला नाही!

आता हे कोर्ट नीट बघा. न्यायाधीश झालेले काशीकर खुर्चीवरून उठून स्वतःच साक्ष देतात. आरोप करणारा वकील आणि बचाव करणारा वकील एकच, सुखात्मे. खऱ्या कोर्टात हे चालत नाही. तिथे आरोपीला आपला वकील मिळतो. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, हा घटनेच्या कलम २० मधला हक्क आहे. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते.

हे आम्ही का सांगतोय? कारण असा खटला गटाच्या बैठकीतही भरू शकतो. एखादीचा हप्ता थकतो. विषय हप्त्याचा असतो, पण बोलणं तिच्या नवऱ्यावर, तिच्या उशिरा घरी येण्यावर, तिच्या फोनवर जातं. ती गप्प बसते, आणि पुढच्या महिन्यापासून येतच नाही. म्हणून आम्ही बैठकीत तीन गोष्टी पाळतो: हप्त्याबद्दल फक्त हप्त्याचंच बोलायचं, तिचं म्हणणं आधी ऐकायचं, आणि जी हजर नाही तिच्याबद्दल चर्चा करायची नाही.

आणि खरोखर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर घाबरू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला वकिलाची मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. फोनवर विचारायचं तर क्रमांक १५१००. हा आकडा बचतगटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.