भाषा आधी ठरायची, काम मागून

पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. नव्वदच्या दशकात तिथल्या मुलांना कोणत्या कामाला कोणती भाषा, हा प्रश्न फारसा पडत नसे. अभ्यासक्रमात सी, हाताशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आणि लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा. टर्बो सी डॉसवरचा, पुढे ६४ बिट विंडोजवर चालेना, तर डॉसबॉक्स बसवून चालवला गेला. भाषा बदलण्यापेक्षा संगणकालाच मागे नेणे सोपे वाटले!

फायनल इयरच्या प्रोजेक्टला मात्र व्हिज्युअल बेसिक. 'फ्रंट एंड व्हीबी, बॅक एंड ॲक्सेस' हे जणू ठरलेलेच. त्याची पुढे बरीच टिंगल झाली, ती मला पटत नाही. पतसंस्थेची नाहीतर दुकानाची वही संगणकावर आणायची म्हणजे फॉर्म, तक्ता आणि छापील पावती. एवढ्याला व्हीबी झटपट पुरायची. अडायचे ते नावांपाशी. व्हीबी ६ च्या चौकटींत युनिकोड देवनागरी नीट उमटत नसे, म्हणून मराठी नावे विशिष्ट फाँटच्या खुणांत साठवावी लागत. फाँट बदलला की 'राठोड'चे भलतेच काही व्हायचे. जावाला युनिकोड १९९५ पासून, म्हणजे जन्मापासून ठाऊक. पण जावा शिकायची ती पुण्यातल्या नोकरीसाठी. गावातल्या नावांसाठी ती कोणी निवडली असेल असे वाटत नाही.

गरज बघून निवड कशी होते, ते कपाशीने दाखवले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात बळी गेले. फवारायचे की नाही, हा जिवाचा प्रश्न झाला. पुढे वाधवानी एआय या संस्थेने कापूस उत्पादकांसाठी ॲप केले: कामगंध सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढायचा, ॲप ते मोजून फवारणीचा सल्ला देते. फोटोतले पतंग मोजणारे असले मॉडेल शिकवायला पायथॉन सोयीची, लागणारी बहुतेक लायब्ररी तिथे तयार मिळते. पण शेतात रेंज नाही, फोन स्वस्तातला. मग शिकवलेले मॉडेल आवळून फोनवरच चालवावे लागते, आणि अशा मॉडेलांना चालवणारा खालचा थर बहुधा सी++ मध्ये असतो. वरच्या बटणांचे काम अँड्रॉइडवर जावाचे किंवा कोटलिनचे. तिथे 'राठोड' आता 'राठोड'च राहतो.