पावसाला चोर समजणारा अलार्म

जूनमधला पहिला मोठा पाऊस. पहाटे तीनच्या सुमाराला पार्किंगमध्ये सायरन सुरू झाला. धावत खाली गेलो तर गाडी आमचीच. दारं बंद, काचा वर, आसपास चिटपाखरू नाही. रिमोटने आवाज बंद केला, वर येऊन अंथरुणाला पाठ टेकतो तोच पुन्हा सुरू. उजाडेपर्यंत असं चार वेळा झालं. तळमजल्यावर तान्हं बाळ आहे. सकाळी त्या घरासमोरून जाताना मान वर करवेना.

गाडी जुनी, कंपनीचा अलार्म नसलेली. म्हणून महिन्यापूर्वीच एका दुकानातून तो बसवून घेतला होता. सकाळी आमच्या भागातल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी सायरनला हातही लावला नाही. बॉनेट बंद ठेवून अलार्म लावायला सांगितला आणि म्हणाले, "दादा, मगभर पाणी आणा." बॉनेटच्या एका कडेला त्यांनी धार धरली. काही सेकंदांत सायरन ओरडू लागला.

बॉनेट उघडल्यावर कारण समोर होतं. कडेने पावसाचं पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ असते. बॉनेट उघडल्याचं कळावं म्हणून किटमध्ये जो पिन स्विच येतो, तो नेमका त्या पन्हळीत भोक पाडून बसवला होता.

अलार्मच्या डब्याला चोर दिसत नाही. दारं आणि बॉनेट यांच्याबाबतीत त्याला एवढंच कळतं, की ठरावीक वायरीला अर्थिंग मिळालं की नाही. गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे अख्खा पत्रा हीच एक मोठी वायर. आपल्याकडच्या बहुतेक साध्या वायरिंगच्या गाड्यांत दार उघडलं की दाराचा स्विच एक बारीक वायर पत्र्याला टेकवतो आणि छतावरचा दिवा लागतो. अलार्म त्याच वायरीवर कान लावून बसतो. आमच्या बॉनेटच्या स्विचला मातीमिश्रित पाण्यातून थोडासा करंट पत्र्यात जायला वाट मिळाली. दिवा लागायला तो पुरला नसता, डब्याला मात्र पुरला.

म्हणूनच अलार्म बसवताना पक्कड हातात घेण्याआधी मीटर घ्यायला हवा. वायरीच्या रंगावर विसंबू नये, मॉडेल बदललं की रंग बदलतात. मामा इग्निशनची वायर शोधताना दोनदा चावी फिरवतात. चावी ऑन केल्यावर १२ व्होल्ट दाखवणाऱ्या वायरी दोन-तीन सापडतात. पण स्टार्टर फिरत असतानाही जिचे व्होल्ट जात नाहीत, तीच खरी. दुसरी वायर टेपरेकॉर्डरची असते. ती जोडली तर ऐन स्टार्ट करताना अलार्मला गाडी बंद झाल्यासारखी वाटते.

दोन टोकांचा बल्ब लावून वायर तपासायची जुनी सवय आता सोडायला हवी. छोटा ५ वॅटचा बल्बही जवळजवळ अर्धा अँपिअर ओढतो, आणि गाडीतल्या कॉम्प्युटरच्या नाजूक वायरीला तो झेपेलच असं नाही. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या. त्यांच्या वाटेलाच जाऊ नये.

दारांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ड्रायव्हरच्या दाराची वायर पुष्कळदा वेगळी असते, कारण चावी आत राहिली तर वाजणारा बझर तिच्यावर चालतो. ती बाकीच्या दारांच्या वायरीशी सरळ पिळून टाकली तर मागचं दार उघडलं तरी बझर वाजतो. मध्ये प्रत्येकी एक डायोड टाकायचा, पट्टीची बाजू दाराच्या स्विचकडे. काही रुपयांची ही वस्तू. ती वगळणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

इंडिकेटरचा हिशेब तर कागदावर मांडून पाहावा. २१ वॅटचे चार बल्ब एकदम लागले की ८४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ७ अँपिअर. अलार्मच्या मुख्य वायरीतून हा सगळा करंट जातो. त्यामुळे तिचा फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो डॅशबोर्डखाली बसवला, तर मधल्या वायरीचं आवरण पत्र्याला घासून फाटल्यावर तिला वाचवायला कुणीच नसतं.

आमच्या डॅशबोर्डखाली मामांनी एक जॉइंट उघडून दाखवला. वायर ब्लेडने सोलून, दुसरी तिच्याभोवती गुंडाळून वर काळा टेप मारलेला. उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन टेप सैल झाला होता आणि तांब्यावर आत्ताच हिरवट डाग दिसत होते. मामांनी तो जॉइंट सोल्डर केला, वर नळी चढवून गरम हवेने आवळली. दुकानाने अर्थिंगची वायर रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने धरली होती. मामांनी पत्रा घासून चकचकीत केला आणि रिंग लावून ती बोल्टखाली घट्ट आवळली.

दुकानवाल्याने चालती गाडी मोबाइलवरून बंद करायची सोयही देऊ केली होती. मी ती घेतली नाही. खंबाटकी घाट उतरताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा. अडवायचाच तर स्टार्टर अडवावा.

नव्या गाड्यांत मात्र हे सगळं गणित बदलतं. तिथे दार उघडल्याची बातमी कॅन नावाच्या, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवरून संदेश होऊन जाते. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. अशा गाडीत वायर सोलायचीच नाही. त्याच मॉडेलसाठीचं, कपलरला कपलर जुळणारं किट मिळत असेल तरच अलार्म बसवावा.

शेवटी मामांनी गाडी लॉक करून अर्धा तास तशीच ठेवली आणि मग बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर टाकला. २८ मिलिअँपिअर. हा आकडा ५० च्या आत असावा. ५० झाला तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. गणपतीला गावी जाऊन दोन आठवड्यांनी परत येईपर्यंत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ अर्धी झालेली असते.

बॉनेटचा स्विच पन्हळीतून काढून उंच, कोरड्या जागी बसवला. पन्हळीतलं भोक रबराच्या बुचाने बंद केलं. मग बॉनेट लावून मामांनी या वेळी बादलीच मागितली. सगळं पाणी संपलं, गाडी गप्प. त्यांनी मला आतून बॉनेटचा खटका ओढायला सांगितलं. बॉनेट चार बोटं वर उचललं आणि सायरन वाजला.