जवानाचे वावर कोण पेरणार?

१५ ऑगस्टला गावोगाव झेंडावंदन होते. मुले प्रभातफेरी काढतात, माजी सैनिकाला पुढची खुर्ची मिळते, शाल-नारळ होतो. चांगलेच आहे. पण शेतकरी बंधुभगिनींनो, स्वातंत्र्याचे देणे एका नारळात फिटते का?

आपल्या वऱ्हाडची माणसे लढ्यात उतरली ती हाती असेल ते घेऊन. १९३० साली मिठाचा सत्याग्रह निघाला, पण आपल्याकडे समुद्र कुठला? अकोल्याजवळ दहिहांड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ केले. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. पुसद म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्याचा शेजारचाच तालुका. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापायचे, एवढाच तो गुन्हा. ज्या विळ्याने बैलाला वैरण आणायची, त्याच विळ्याने कायदा मोडला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांजवळ तर विळाही नव्हता. देवाने गळा दिला होता आणि हातात खंजिरी होती. त्यांच्या भजनांनी चिमूर-आष्टीची माणसे १९४२ च्या ऑगस्टमध्ये पेटून उठली. सरकारने महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. पण मला जास्त मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. १९६२ साली चीनने आणि १९६५ साली पाकिस्तानने लढाई लादली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले महाराज सीमेवर गेले आणि जवानांपुढे भजने म्हटली. जवळ जी कला होती, ती त्यांच्यापुढे ठेवली.

आपल्याजवळ काय आहे? मालेगाव तालुक्यातल्या एका गावाचे सांगतो. एका घरचा मुलगा फौजेत, उत्तरेच्या सीमेवर. घरी म्हातारा बाप आणि सून. बापाचा पाय मोडलेला. पाऊस पडला, ओल झाली, सगळ्यांच्या तिफणी निघाल्या आणि यांचे पाच एकर तसेच. घात चार दिवसांची. ती गेली की सोयाबीन मागे पडते आणि शेवटी पाण्याची ओढ बसली तर दाणा भरत नाही. भजनी मंडळातल्या मंडळींनी ठरवले की आधी जवानाचे वावर, मग आपले. दोन तिफणी, चाड्यावर मूठ धरायला हात बसलेल्या बाया, एका दिवसात सोयाबीन-तूर पेरून मोकळे. म्हातारा धुऱ्यावर बसून म्हणाला, “पोरगा तिकडं सगळ्यायचं वावर राखते जी, म्हणून गावानं त्याचं पेरलं.”

माझ्या वाट्याला बियाण्याचे काम आले. घरचेच बियाणे होते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. सत्तरच्या वर उगवले तर एकरी तीस किलो पुरते, कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवावे लागते. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढायची नाही. आम्हा लोकांची विद्या ती एवढीच. पण दुबार पेरणी टळली.

दुसऱ्या एका गावी स्वातंत्र्यसैनिकाची वृद्ध पत्नी होती. पेन्शन चालू राहायला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागे. शाल पांघरणारे पुष्कळ, पण बँकेत सोबत जाणारा एकही नाही. शेवटी नववीतल्या एका मुलीने ते काम घेतले. अक्षर मोत्यासारखे. अर्ज लिहिता लिहिता ती आजीला जुन्या गोष्टी विचारू लागली आणि वहीत उतरवू लागली. नवरा तुरुंगात असताना घरात जोंधळा किती होता, कोणी उसना दिला, कोणी दार लावून घेतले, सगळे त्यात आहे. आजी आता नाहीत. वही त्या मुलीजवळ आहे.

मृग लागायच्या आधी आपल्या गावात एकदा बसा. कोणाचा मुलगा फौजेत आहे, कोणत्या वीरपत्नीची जमीन पडीक आहे, कोणाचा कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यायचा राहिला आहे, ते लिहून काढा. नावापुढे तिफण कोणाची, बैल कोणाचे, लिहिणारे कोण, तेही मांडा. घात यायच्या आत यादी तयार हवी.