आपलंच कुत्रं, आपलीच कोंबडी!

गेल्या आठवड्यात सकाळच्या वेळी एक मावशी बोटाला फडके गुंडाळून दवाखान्यात आल्या. "काय न्हाई डॉक्टरसाहेब, जरा खरचटलंय. आपलंच कुत्रं हाय. कोंबडीच्या पिल्लांसंग खेळत व्हतं. एक पिल्लू तोंडात धरलं, ते सोडवाया गेले तर दात लागला." फडके सोडले तर जखमेवर हळद आणि तिखट थापलेले! घटना आदल्या दिवशीची. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की काम झाले, अशी मावशींची समजूत.

वाचकहो, पळणारे, फडफडणारे काही दिसले की कुत्रा मागे धावतो. तो त्याचा स्वभावच आहे. परंतु खेळताना लागलेला दात आणि रागाने घेतलेला चावा, यात रेबीजचा विषाणू फरक करीत नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. तो कोंबडीपासून होत नाही, कुत्र्याच्या लाळेतून होतो. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस, कुत्रा धडधाकट दिसत असतानाही, लाळेत विषाणू असू शकतो. आणि माणसात एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

मग काय करावे? जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तेथे लस मोफत मिळते. पोटातील चौदा इंजेक्शनांचा काळ केव्हाच संपला. आता लस दंडात, कातडीमध्ये देतात. पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुढचे डोस घ्यायचे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही टोचावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. पण लस सुरू करण्यासाठी तेवढे दिवस वाट पाहू नये.

आता दुसरी बाजू. कुत्रा कधी कधी मेलेला पक्षी तोंडात धरून घरात आणतो. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावल्याचे स्पष्ट झाले. भारतात कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम आढळला तो २००६ साली, आपल्याच राज्यातील नवापूरला. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेला एक पाळीव कुत्राही मेला होता. माणसाला हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर असतो. म्हणून घाबरू नये, गाफीलही राहू नये.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. मुलांना व कुत्र्याला दूर ठेवावे. एकाएकी अनेक कोंबड्या किंवा कावळे मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आजारी किंवा मेलेली कोंबडी "वाया कशाला घालवायची" म्हणून शिजवू नये आणि कुत्र्यालाही घालू नये. निरोगी कोंबडीचे मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाण्यास हरकत नाही.

कुत्र्याने कोंबडी धरलीच तर त्याच्या तोंडात हात घालू नका. नावाने हाक मारा, भाकरीचा तुकडा दाखवा किंवा अंगावर पाणी टाका. तो तोंड उघडतो. पिल्ले असतील तेव्हा कुत्रा बांधून ठेवा, नाहीतर पिल्ले डाल्याखाली झाका. आणि मुख्य म्हणजे, तीन महिन्यांचे झाल्यावर कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे दरवर्षी टोचत राहा.

मावशींची जखम धुतली, सीरम आणि लसीसाठी सरकारी दवाखान्यात चिठ्ठी देऊन पाठविले. जाताना त्या म्हणाल्या, "पिल्लू साठ रुपयाचं, अन् हा खटाटोप केवढा!" मी म्हटले, "मावशी, पिल्लू पुन्हा मिळेल. तुम्ही कुठून मिळणार?"