आंबट कोबीचा दुसरा दिवस

काही पदार्थ शिळे झाले की जास्त चवदार लागतात. फोडणीची पोळी, फोडणीचा भात आणि रात्रभर मुरलेली आमटी यांचे चाहते आपल्याकडे घरोघर आहेत. जर्मनीत हा मान आंबवलेल्या कोबीला आहे. आपण त्याला सॉअरक्राउट म्हणतो, जर्मन माणूस झाउअरक्राउट म्हणतो. झाउअर म्हणजे आंबट आणि क्राउट म्हणजे इथे कोबी. विल्हेल्म बुश यांची ‘माक्स उंड मोरित्स’ ही दोन खोडकर मुलांची चित्रकथा १८६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातली बोल्टेबाई तळघरात जाते ती हाच कोबी आणायला, कारण तो पुन्हा गरम केलेला तिला फार आवडतो. तेवढ्यात ही पोरं धुराड्यातून गळ टाकून तिच्या कोंबड्या लांबवतात, तो भाग वेगळा!

आज हा विषय घेण्याचं कारण म्हणजे आपली कितीतरी मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत राहतात. स्टुटगार्ट शहराचं तर १९६८ पासून मुंबईशी भगिनी-शहराचं नातं आहे. त्याच स्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाचं पठार आहे आणि तिथला टोकदार कोबी आंबवण्यासाठी नावाजलेला आहे. दुकानात सॉअरक्राउटची पिशवी, डबा किंवा बरणी मिळते. दोघांच्या घरात एका जेवणाला त्यातला निम्मा संपतो. उरलेला फ्रिजमध्ये मागे मागे सरकत जातो आणि आठवड्याने, ‘आंबूस वास येतोय, नासला वाटतं,’ म्हणून कचऱ्यात जातो. खरं तर त्याने आंबूसच असायचं असतं.

बारीक चिरलेल्या कोबीला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम मीठ चोळतात. कोबीला पाणी सुटतं. तो त्याच पाण्यात बुडेल असा दाबून ठेवायचा. कोबीच्या पानांवर मुळातच असलेले जिवाणू त्यातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आपलं दही आंबट होतं ते याच आम्लामुळे. साधारण २० अंश तापमानाला तीन ते सहा आठवड्यांत कोबी तयार होतो. आम्ल आणि मीठ या दोघांच्या पहाऱ्यामुळे तो टिकतो आणि त्यातलं ‘क’ जीवनसत्त्वही बरंचसं शाबूत राहतं. म्हणूनच १७६८ साली निघालेल्या सफरीत कॅप्टन जेम्स कुक यांनी स्कर्व्ही टाळण्यासाठी जहाजावर हा कोबी भरून नेला होता. खलाशी तो खाईनात, तेव्हा त्यांनी तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर मांडायला लावला. वरिष्ठ खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले.

उरलेला कोबी ठेवताना तीन गोष्टी सांभाळा. तो काचेच्या बरणीत, स्वतःच्या पाण्यात बुडलेला आणि फ्रिजमध्ये असावा. चमचा स्वच्छ आणि कोरडा वापरावा. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, कारण ताक कळकतं तसा तोही कळकतो. नासला हे ओळखायचं ते बुरशी, बुळबुळीतपणा किंवा कुजका वास यांवरून. असा कोबी सरळ टाकून द्यावा, वरचा थर काढून खाली चांगला असेल अशी आशा धरू नये.

आता चुलीकडे वळू. डाळ शिजल्याशिवाय आपण आमसूल किंवा चिंच घालत नाही, कारण आम्लात डाळ नीट शिजत नाही. तोच नियम इथे लागू पडतो. बटाटा, गाजर, कांदा आधी शिजवून किंवा परतून घ्यायचा आणि मग सॉअरक्राउट घालायचं. नाहीतर तासाभरानेही बटाटा दाताखाली कचकच लागतो. दुसरा नियम मिठाचा. कोबीत ते आधीच आहे, म्हणून वरून मीठ घालायचं ते शेवटी आणि चाखून. फार आंबट वाटला तर कोबी पाण्यातून काढून पिळावा, किसलेलं सफरचंद किंवा चिमूटभर साखर घालावी. आमटीत गूळ घालतो, तसंच हे.

स्टुटगार्टच्या परिसरात उरलेल्या कोबीचा हमखास पदार्थ म्हणजे शुपफनुडेल्न. उकडलेला बटाटा, मैदा आणि अंडं मळून बोटाएवढे, दोन्ही टोकांना निमुळते तुकडे वळतात. आपल्या गव्हल्यांचा थोरला भाऊच म्हणा ना! ते उकळत्या पाण्यातून काढून लोण्यावर खरपूस परततात आणि त्यात पिळलेला कोबी, परतलेला कांदा घालतात. तिथे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडेही घालतात, पण त्यांच्याशिवायही पदार्थ उत्तम होतो.

पोलंडची दोन घरगुती उदाहरणं घ्या. बिगोस हे आंबट आणि ताज्या कोबीचं, निरनिराळ्या मांसांचं आणि वाळवलेल्या अळंब्यांचं दाट कालवण. ते शिजवतात, थंड करतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवतात आणि दर खेपेला त्याची चव चढते. दुसरा पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मांस वर्ज्य असतं, तेव्हा आंबट कोबी आणि अळंबी यांचं सारण भरतात. सारण पिळून, परतून अगदी कोरडं करावं लागतं. ओलं राहिलं की करंजी पाण्यात उकलते, हे आपल्या गृहिणींना सांगायला नको.

कोबीचं पाणीही फेकू नये. बटाटा, गाजर, कांदा शिजवलेल्या पाण्यात कोबी आणि थोडं हे पाणी घातलं की पोलंडचं कापुश्न्याक नावाचं सूप होतं. रशियातही आंबट कोबीचं श्ची हे सूप घरोघरचं आहे. अमेरिकेत तर सॉअरक्राउट धुऊन, पिळून, बारीक चिरून चॉकलेटच्या केकमध्ये घालतात. केक ओलसर राहतो आणि कोबी ओळखूही येत नाही.

मराठी स्वयंपाकघरात प्रयोग करायचा तर थालीपिठापासून सुरुवात करा. पिळलेला कोबी चिरून भाजणीत मिसळा, कांदा आणि तिखट घाला, मीठ मात्र नको. कोबीचं तेच पाणी पीठ भिजवायला वापरा. कोशिंबिरीसाठी कच्चाच कोबी, किसलेलं गाजर आणि सफरचंद घ्या, वर जिऱ्याची फोडणी गार करून घाला. न शिजवता खाल्ला तरच त्यातले जिवाणू जिवंत पोटात जातात. त्यासाठी माल मात्र न तापवलेला, दुकानाच्या शीतकपाटातला हवा. डब्यातला कोबी आधीच तापवलेला असतो, तो भाजीसाठी ठेवावा.

एक सावधगिरी राहिली. १०० ग्रॅम सॉअरक्राउटमध्ये साधारण दीड ग्रॅम मीठ असू शकतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे ५ ग्रॅमच्या आतली. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी तो धुऊन, पिळून आणि बेताने खावा. धुतल्याने आंबटपणा आणि थोडं ‘क’ जीवनसत्त्व जातं, पण मीठही जातं.

जर्मनीतल्या मुलाशी फोनवर बोलाल तेव्हा ‘जेवलास का?’ याच्या पुढचा एक प्रश्न जरूर विचारा: फ्रिजमध्ये मागे एखादी उघडी बरणी आहे का? असेल, तर त्याच्या रात्रीच्या जेवणाची निम्मी तयारी झालेलीच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)