आपत्ती वाचताना (लेखांक ६) : बातमीच्या खालच्या ओळी

मागच्या लेखात आपण दरड का कोसळते ते पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न : तिच्याखाली कोण सापडतं, आणि ते बातमीतून कसं कळतं?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि २३ जुलैला शोध थांबला. मथळ्यांत पाऊस होता, डोंगर होता, काळाचा घाला होता. खाली कुठेतरी एक ओळ होती : वाडीला गाडीरस्ता नसल्यामुळे जेसीबी वर नेता येत नाही.

मला ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती मदतकार्यातला अडथळा म्हणून छापली जाते, पण वाडीसाठी तो अडथळा त्या रात्री आलेला नव्हता. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ही चढण चढताना हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. आजारी माणसाला खाली आणायचं, बाजारहाट वर न्यायचा, तो याच वाटेनं. दुसरी ओळ : दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. तिसरी : आश्रमशाळेत राहणारी मुलं वाचली, त्यांचे आईबाप गेले. घराजवळ पुढची शाळा नाही म्हणून मुलं लांब राहतात, आणि त्या रात्री त्या लांब असण्यानंच त्यांना वाचवलं. या तीन ओळी एकत्र वाचल्या की दरडीआधीची वाडी दिसू लागते. अभ्यासक जिला सामाजिक असुरक्षितता म्हणतात ती हीच. पाऊस सगळ्या डोंगरावर सारखाच पडतो. उताराखाली कोणाला राहावं लागतं आणि तिथून हलण्याची ऐपत कोणाकडे असते, हे माणसांच्या व्यवहारात ठरतं.

बातमी बाहेर कशी आली, हेही पाहावं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. सकाळी बस घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. एवढं गाव नाहीसं झालं तरी ते सांगायला रोजची एसटी यावी लागली.

आणि कोणाच्या वाट्याला किती जागा येते? २६ जुलै २००५ म्हटलं की सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो, पाण्यातून चालत घरी जाणारी मुंबई आठवते. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते इथे दरडींनी घरंच्या घरं गिळली. ती नावं कोकणाबाहेर किती जणांच्या लक्षात आहेत? मुंबईचं दुःख खरंच होतं, यात शंका नाही. पण कॅमेरे मुंबईतच होते, आणि महाडच्या वाड्यांपर्यंत जायच्या वाटा बंद होत्या. म्हणून बातमीचा आकार बघून नुकसानीचा अंदाज बांधू नये.

अशी बातमी पुन्हा आली तर कात्रण जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी त्याच गावाचं नाव शोधा. माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं, २०१७ च्या एप्रिलमध्ये लोकांना नवी घरं मिळाली. त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात तिथली जमीन खचली, रस्ते उखडले, आणि दरडीतून वाचलेली माणसं पुन्हा डोंगराकडे बघत रात्र काढू लागली.